गं. भा.पुरती जागा

येडगावच्या पाटाखालच्या आमच्या पाणीवाटप संस्थेची यादी नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कॉम्प्युटरवर घेतली. सी भाषेतला प्रोग्रॅम मीच लिहिला होता आणि त्याची मला भलतीच घमेंड होती. उपाधी, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव एकापुढे एक जोडायचं. त्यासाठी चाळीस अक्षरांची जागा, आणि तिला लागूनच त्या सभासदाच्या पाण्याच्या ठरलेल्या वाराची. सी भाषा जोड म्हटलं की जोडते, मावतंय का ते विचारत नाही. ते बघणं माझं काम होतं. मी बघितलं नाही.

वर्षभर सुरळीत चाललं. मग एक सभासद वारले आणि त्यांच्या जागी बायकोचं नाव लागलं. 'श्री.' जाऊन 'गं. भा.' आलं, त्यात तिचं नाव लांबलचक. शेवटची अक्षरं शेजारच्या जागेत घुसली आणि तिचा वार पुसला गेला. वारानुसार छापलेल्या यादीत ती कुठेच आली नाही. पाटकरी कागद बघून पाणी सोडायचा. कांदा पोसायच्या दिवसांत तिचं पाणी दोनदा चुकलं.

ती ऑफिसात आली. "भाऊ, मालक व्हते तवर पाणी येत व्हतं. आता वावर माझं न्हाई का?"

"कॉम्प्युटर चुकला," मी म्हणालो. धडधडीत खोटं. दुसऱ्या दिवशी चूक सापडल्यावर तिच्या वावरात जाऊन खरं सांगितलं. कांदा लिंबाएवढाच राहिला होता. ती म्हणाली, "माझं गेलं ते गेलं. दुसरीचं नका घालवू."

आता प्रोग्रॅम जोडण्याआधी लांबी मोजू लागला आणि मावत नसेल तर थांबून तसं सांगू लागला. पण मुळात जागा किती ठेवायची? एका दुपारी मी प्रत्येक सभासदाच्या बायकोचं नाव 'गं. भा.' लावून टाईप केलं. सकाळी मला रामराम घातलेल्या माणसांच्या बायका होत्या त्या. यादीत शेवटी आमचं घर आलं. वडील ऑफिसबाहेर बाकावर पेपर वाचत बसले होते. तरी लिहिलं, मोजलं, आणि लगेच पुसलं. सगळ्यांत लांब नाव आईचंच निघालं. जागा त्या मापाची ठेवली.

काही वर्षांनी वडील गेले. आईचं नाव मीच टाईप केलं. प्रोग्रॅम थांबला नाही. वडिलांचा वार बुधवार होता, आईलाही बुधवारीच पाणी आलं.