माइकवर कोण गाणार

परभणीतल्या आमच्या क्लबात दर शनिवारी सभासद सिनेमाची गाणी म्हणत. पेटीवर साथ करून एकेकाला माइकपाशी बोलावणारा तो बुटका माणूस बसल्या जागी सारखा चुळबुळायचा.

त्याला कामावर घेताना पगार ठरवायला सेक्रेटरी म्हणाले, "महिना तीनशे. पण फक्त सभासद गातील."

"अडीचशेच द्या साहेब. पन कोन गानार, ते मी ठरवनार."

पैसे वाचले म्हणून सेक्रेटरी खूश झाले.

पुढच्याच शनिवारी त्यानं क्लब झाडणाऱ्या बाईंना हाक मारली, "ताई, या. लय गोड गाता तुमी."

त्या गायल्या. दोघं सभासद उठून गेले. गाणं संपलं तरी कुणी टाळी वाजवेना. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आता तुमी. म्हनता का जाता?"

मी उठलो. कुठं निघालोय, ते माइकपाशी पोचेपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं.