ढवळ्याचं शिंग आणि माझी नोकरी

नगरच्या नव्या कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा माझ्या तासाला चाळीस विद्यार्थी होते. हजेरीपटावर!

प्रत्यक्षात सहा यायचे. त्यांतले दोघे गावाकडच्या गाडीला वेळ असायचा म्हणून बसायचे आणि एक जण वर्गात पंखा होता म्हणून. (पंखा महिन्याभरात बिघडला. तो बिचारा सवयीने येत राहिला.) स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं होतं. देशात सगळीकडे उत्साह होता, फक्त माझ्या वर्गात तो अजून पोचला नव्हता.

अशात प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला बोलावलं.

"तुमची वर्षाची मुदत संपत आली. पुढच्या सोमवारी मी तुमच्या तासाला बसेन. तास संपल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने चिठ्ठीवर लिहायचं, समाधानी की असमाधानी. नाव लिहायचं नाही. त्यावर तुम्हाला कायम करायचं की नाही ते ठरवू."

नोकरी गेली तर देवळाली प्रवऱ्याला परत जायचं आणि एम. ए. ची पदवी खिशात ठेवून उसाला पाणी द्यायचं! भिंगारच्या खोलीवर येऊन मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, सगळं पत्रात लिहिलं. तिथेच चुकलो.

अण्णा चाळीस वर्षं मराठी शाळेत हेडमास्तर होते. त्यांच्या काळी तपासणीला डिप्टीसाहेब यायचे, तेव्हा पट भरलेला दिसावा म्हणून शेजारच्या गावातून पोरं उसनी आणायची पद्धत होती. आज तुमची पोरं आमच्याकडे, उद्या आमची तुमच्याकडे. इतका सलोखा भावकीतही नसायचा.

सोमवारी सकाळी दार उघडलं, तर अण्णा उभे. मागे नऊ पाहुणे! धोतर, पटका, खांद्यावर घोंगडी. सर्वांत पुढे पाथर्डीचे तुकामामा, वय वर्षं साठ.

"अण्णा, हे काय?"

"विद्यार्थी," अण्णा शांतपणे म्हणाले.

"अहो, कॉलेज आहे ते!"

"मग? डिप्टी डोकी मोजतो रे सदा. आतलं काय मोजत नाही."

"तू घाबरू नगं," तुकामामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आमी गप बसतो. कुनी इचारलं तर मान हालवतो. लई सोपं हाय."

नाही म्हणायची ताकद माझ्यात असती, तर वर्गात सहाच विद्यार्थी कशाला राहिले असते?

वर्गाबाहेर वहाणांचे नऊ जोड ओळीने लागले. आत पाहुणे जमिनीवर मांडी घालून बसू लागले. त्यांना बाकांवर चढवता चढवता प्रिन्सिपॉलसाहेब आले आणि थेट मागच्या बाकावर अण्णांच्या शेजारी बसले.

"आपण?" त्यांनी विचारलं.

"विद्यार्थी," अण्णा म्हणाले.

"छान!" साहेब म्हणाले आणि वहीत काहीतरी टिपलं.

हजेरी सुरू झाली. अण्णांनी प्रत्येक पाहुण्याकडून एकेक नंबर पाठ करून घेतला होता. सगळे खणखणीत ओरडत होते. मी म्हणालो, "नंबर सतरा."

"हाजिर!" तुकामामा मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

सतरा नंबर म्हणजे आमच्या वर्गातली एकुलती एक मुलगी. मावसबहिणीच्या लग्नाला गेली होती! साहेबांनी स्वतःच्या यादीत पाहिलं, मग मामांकडे पाहिलं, मग बराच वेळ छताकडे पाहिलं.

मी घाईघाईने फळ्याकडे वळलो. "सर्व माणसं मर्त्य आहेत. म्हणजे प्रत्येक माणूस कधी ना कधी मरतो. गोविंदा माणूस आहे. म्हणून गोविंदा..."

"गोविंदा?" मागून आवाज आला. "कोन, आपला गोविंदा?"

"मामा, ते उदाहरण..."

"आरं, परवा तर बाजारात भेटला! बैल घेऊन चालला हुता!" मामांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. "कवा गेला?"

"गेला नाही हो! जाईल. म्हणजे जाणारच आहे..."

"आजारी हाय व्हय?" दुसरे पाहुणे कळवळले. "आन तू आत्ता सांगतोस? धा वाजल्यापासून बसलोय आमी हितं!"

"चला, उठा! त्याच्या घरी मानसं पायजेत!"

नऊच्या नऊ उभे राहिले. एक जण वहाणा घ्यायला दाराशी पोचलासुद्धा! माझे सहा खरे विद्यार्थी बाकावर डोकी टेकून हसत होते. वर्षभरात ते माझ्या तासाला प्रथमच जागे दिसले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र उसाचा फड उभा राहिला.

"खाली बसा!"

हा आवाज अण्णांचा. चाळीस वर्षं मुरलेला. सगळे बसले. मीही बसलो! (साहेब बसलेलेच होते, तरी त्यांनी पाठ ताठ केली.)

अण्णा फळ्यापाशी आले. "तुका, मी म्हणतो, तुमच्या गावातल्या सगळ्या बैलांना दोन शिंगं आहेत. ढवळ्या तुझा बैल. मग ढवळ्याला शिंगं किती?"

"येक."

"एक कसं? सगळ्यांना दोन म्हणालो ना मी?"

"तुमी म्हनाल हो मास्तर, पन त्याचं डावं मोडलंय! गेल्या साली गोठ्याच्या दारात आडकून."

"मग चूक कुठे झाली?"

मामांनी विचार केला. "तुमी पयलंच खोटं बोलला."

"शाबास!" अण्णा विद्यार्थ्यांकडे वळले. "मांडणी बिनचूक होती, पण पहिलं वाक्यच खोटं. म्हणून उत्तर खोटं आलं. कळलं?"

"कळलं!" सहाही जण ओरडले. जे समजवायला मी दोन महिने फळा पांढरा केला होता, ते एका मोडक्या शिंगाने मिनिटात झालं. मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू?

मग चिठ्ठ्या वाटल्या गेल्या.

"अंगटा कुटं लावू?" मामांनी थेट साहेबांनाच विचारलं. साहेबांनी निमूटपणे दौत पुढे केली.

दुपारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर सोळा चिठ्ठ्या होत्या. नऊ निळे अंगठे. सहा चिठ्ठ्यांवर 'समाधानी', आणि सहाही जणांनी पुढे कंसात लिहिलं होतं: 'मागच्या बाकावरचे सर.' सोळावी चिठ्ठी साहेबांनी मोठ्याने वाचली. अक्षर मोत्यासारखं होतं.

"शिक्षकाचा आवाज मागे पोचत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलतो. उदाहरणे अशुभ. पटावरील नोंदी संशयास्पद. असमाधानकारक. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी व्हावी." खाली सहीसुद्धा होती!

"नाव लिहायचं नाही असं सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "पण शेरा योग्य आहे. सहा महिने मुदत वाढवतो."

खोलीवर येऊन मी अण्णांवर भडकलो. "माणसं तुम्हीच आणलीत, आणि मला नापासही तुम्हीच केलंत?"

"माणसं बापाने आणली रे," अण्णा ओशाळून म्हणाले. "पण कागद हातात आला की हेडमास्तर जागा होतो. त्याला मी काय करू?"

सहा महिन्यांनी साहेब पुन्हा तासाला बसले. या वेळी मी गोविंदाला घरीच ठेवलं आणि ढवळ्याला वर्गात आणलं. गोठ्याचं दार, डावं शिंग, मामा, सगळं आलं. वर्ग भरलेला होता, तोही खऱ्या पोरांनी. चिठ्ठ्यांवर समाधानच समाधान! साहेबांनी तिथल्या तिथे हात मिळवला.

पहिल्या गाडीने देवळालीला गेलो, अण्णांच्या पाया पडलो. "अण्णा, मला कायम केलं!"

अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "उदाहरण कोणतं दिलंस?"

"ढवळ्याचं."

अण्णांनी हात काढून घेतला.

"मग तुला कशाला कायम केलं? ढवळ्याला करायचं!"