टेलेक्सच्या तबकडीला कुलूप

कालिंदीताई सोहोनी जन्माने भवानीपूरच्या. वडील गार्डन रीचला रेल्वेत होते. ताई हसल्या की बंगालीत, रागावल्या की मराठीत. आमच्या हावड्याच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात त्या टेलेक्स, म्हणजे तारेवरून टाइप केलेले निरोप धाडायचं यंत्र, चालवायच्या; मी युनियनचा.

त्र्याहत्तर साली कंपनीने फर्मान काढलं. बाहेरगावी टेलेक्स, पत्र, ट्रंककॉल फक्त साहेबलोकांनी करायचे. कारकून, ऑपरेटर, कामगार यांनी काय बोलायचं ते गेटच्या आत. म्हणे शिस्त! अहो, मुंबईच्या एका बर्फाच्या कारखान्याला तडे गेलेले व्हॉल्व्ह धाडले होते, ते तिथे कळू नये म्हणून ही शिस्त. खाली सही मॅनेजर श्यामकांत बर्वेची. दर गणपतीत मंडळात सचोटीवर भाषण ठोकणारा हाच. शिसारी येते.

त्याने टेलेक्सच्या नंबर फिरवायच्या तबकडीला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात घातली.

मी ताईंच्या टेबलाशी जाऊन ओरडलो, "उद्या तिथे बर्फ गोठवायला त्या व्हॉल्व्हमधून अमोनिया सोडतील. माणसं गुदमरून मरतील!"

"गळा काय काढताय? कुलूप नंबर फिरवायला आहे. नंबर तिकडून आला तर?"

बर्वे कधी यंत्रावर बसला असता तर त्याला हे कळलं असतं. समोरच्याने जोडलं की त्याच तारेवर उत्तर टाइप करता येतं, तबकडी लागतच नाही. बर्फवाल्यांची ऑपरेटर मंदाकिनी उरलेल्या मालाची चौकशी करायला रोज दुपारी जोडायची. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. मैत्री सगळी कागदावरची, इंग्रजी अक्षरांत मराठी.

यंत्र खडखडलं. ताईंनी टाइप केलं, "ते व्हॉल्व्ह लावू नका. तडे आहेत. साहेबांना आत्ता सांग."

"सांगते. पण तुझं काय होईल गं?"

"माझं मी बघते. तू पळ."

दुसऱ्या दिवशी मुंबईहून उत्तर आलं: व्हॉल्व्ह बाजूला काढले, वेळीच सावध केल्याबद्दल तुमच्या कंपनीचे आभार. बर्वेने तो कागद काचेत मढवून स्वतःच्या केबिनमध्ये टांगला. आणि ताईंना तळमजल्यावर पाकिटं चिकटवायला बसवलं.

"मोर्चा काढतो," मी म्हटलं.

"काढा हो सावकाश." त्यांची बोटं खळीने भरली होती. "आधी मंदाकिनीला कळवा मी बरी आहे म्हणून. बिचारी रोज जोडत असेल."

वर गेलो. यंत्र खडखडतच होतं: कालिंदी, आहेस का?

शेजारी बर्वे चहा ढोसत उभा. "ए, तुला परवानगी नाही!"

मी खुर्ची ओढली. टायपिंग येत नव्हतं. एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं: आहे.