वरच्या ‘सा’विरुद्ध तक्रार

अपार्टमेंटच्या असोसिएशनवर विश्वास ठेवू नये, हे मी बंगळूरमध्ये तीन घरं बदलून शिकले. मोलकरणींना लिफ्ट बंद, भाडेकरूंना गच्ची बंद, आणि वर ‘आपण सगळे एक कुटुंब’ असा फलक. त्यामुळे के. आर. पुरमच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी नोटीस लागली तेव्हा मी ती दोनदा वाचली. सकाळी सातच्या आत कोणतंही वाद्य वाजवायला बंदी घालण्याचा प्रस्ताव. शनिवारी संध्याकाळी सहाला बैठक.

‘कोणतंही वाद्य’ म्हणे! अख्ख्या बिल्डिंगमध्ये सातच्या आत एकच वाद्य वाजत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांची क्लॅरिनेट.

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. घराणं इथंच शेकडो वर्षं मुरलेलं. घरात मराठी, पण निम्मी कन्नड. पहिल्या भेटीत मी नागपूरची म्हटल्यावर म्हणाले, “आमचे लोक घोड्यावरून आले, तू बसमधून आलीस. एवढाच फरक.” लग्नांत, हरिकथांत, सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी साठ वर्षं क्लॅरिनेट वाजवली होती. मुलगा आणि सून ऑफिसला जाणारी. चार जुने शिष्य अजून फोन करायचे.

अशा माणसाचं तोंड बंद करणार? मी पत्रक काढलं. इंग्रजीत, मैत्रिणीकडून कन्नडमध्ये, आणि हट्टाने मराठीतही. ‘पहाटेच्या सुराला कुलूप लावणारे तुम्ही कोण?’ खाली ठळक अक्षरांत: बैठकीत अण्णा स्वतः वाजवतील. ऐका आणि मग हात वर करा. अण्णांना विचारलं तेव्हा ते “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणाले होते. ते नीट ऐकायला मला तेव्हा सवड नव्हती.

तक्रारदार निनावी होता. तक्रारपेटीत तीन चिठ्ठ्या पडल्या होत्या, रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर, कन्नडमध्ये. मला कन्नड वाचता येत नाही. वॉचमनने वाचून दाखवल्या आणि मी फोटो काढून ठेवले. पहिली: सकाळी क्लॅरिनेटचा त्रास होतो. दुसरी: वरचा सा उतरलेला आहे, ऐकवत नाही. तिसरी: आता बंद करावं.

कॅलेंडरवरून काही पत्ता लागेना. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने ते घरोघरी फुकट वाटलं होतं. पण दुसऱ्या चिठ्ठीने मला आरोपी दिला. वरचा सा उतरलाय हे कळायला कान लागतो. माझा कान शून्य आहे. सेक्रेटरीचाही असावा. तो निवृत्त सरकारी अधिकारी, त्याला शिक्क्याचाच आवाज ठाऊक. कान असलेली बाई एकच: चौथ्या मजल्यावरची गाण्याची मामी, सगळे तिला मामीच म्हणत. परदेशातल्या मुलांना कॉम्प्युटरसमोर बसून कर्नाटक संगीत शिकवायची. तिचा वर्ग सकाळी सहालाच. झालं की! हेतू आहे, कान आहे, वेळ जुळते. मी तिला लिफ्टमध्ये नमस्कार करणं बंद केलं.

बैठकीच्या दिवशी मी पहाटे सहालाच अण्णांकडे जाऊन बसले. सेक्रेटरी त्यांना एकटं गाठून माघार घ्यायला लावेल, असा मला संशय होता. अशी माणसं नेहमी एकटं गाठतात.

“अक्का आली,” अण्णा म्हणाले. मी वयाने नातीसारखी, पण हुकूम सोडते म्हणून ते मला अक्का म्हणत. “आज माझी पण हजेरी घेणार काय?”

त्यांनी स्टीलच्या वाटीतल्या पाण्यातून रीड काढली. रीड म्हणजे मुखाशी बसवायची बोरूची पातळ पट्टी. ती बांधून वाजवायला घेतलं. खालचे सूर घोंगडीसारखे उबदार. वर गेल्यावर एक किंकाळी निघाली. मला वाटलं, असंच असेल. पुन्हा वर गेले, पुन्हा तेच. क्लॅरिनेट खाली ठेवून त्यांनी तोंडावर हात धरला.

“काय झालं?”

“रीड गेली. चिकपेटला जायला हवं.” भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडून त्यांनी खिशात टाकलं. “तू बस घरी.”

“मी येते.”

“बेडा, बेडा. गर्दी असते.”

नको म्हणतायत म्हटल्यावर मी गेलेच.

दुकानं उघडायच्या सुमाराला निघालो. मेट्रोत एका पोराने त्यांना जागा दिली. पेटी मांडीवर घेऊन ते बसले. इंदिरानगर आलं तशी मला कोपराने ढोसलं. “तुझं ऑफिस इथंच ना? उतर.”

“अण्णा, आज शनिवार.”

“मग काय, शनिवारी उतरू नये असं आहे?”

आता मला खात्रीच पटली. हा माणूस मला टाळतोय. कोणीतरी त्यांना गाठलंय. दम दिला असेल, नाहीतर गोड बोलून कुठेतरी सही मागितली असेल. मॅजेस्टिकला गाडी बदलताना मी त्यांच्या पेटीचा पट्टा धरूनच चालले.

चिकपेटच्या गल्लीत साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल आम्हाला बाजूला सारत होते. अण्णा वाद्यांच्या दुकानासमोरून गेले आणि त्यांनी तिकडे मानसुद्धा वळवली नाही. मी मात्र वळवली. रीडची पाकिटं काचेतूनच दिसत होती.

पुढे दोन घाऊक साड्यांच्या दुकानांमध्ये एक अरुंद जिना होता. “खाली थांब. पाच मिनिटं.”

मी दहा दिली. मग मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून वर गेले. वर सेक्रेटरी बसलेला असणार, समोर कागद असणार, मी रंगेहाथ पकडणार. वाक्यसुद्धा ठरवलं होतं.

वर एक छोटी खोली होती. खिडकीशी एक माणूस लहानशा फिरत्या चाकावर गुलाबी कवळी घासत होता. खुर्चीत अण्णा. गाल आत गेलेले, तोंडावर रुमाल. मला बघून त्यांनी डोळे मिटले.

मी रेकॉर्डिंग बंद केलं.

कवळीवाला त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलला, मग मी घरची समजून माझ्याशी हिंदीत. “पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा घासतोय. जेवायला बसेल. फुंकायला नाही बसणार. जोरात फुंकलं की उचलणारच. ह्यांच्या हिरड्याच राहिल्या नाहीत.” तासाभराने या म्हणाला. संध्याकाळी काही दुखलं तर फोन करा, म्हणून नंबर सांगितला. अण्णांनी खिशातून कॅलेंडरचं ते पान काढून पाठीवर नंबर लिहिला आणि पुढे कन्नडमध्ये दोन शब्द.

लांब शेपटीची ती अक्षरं मी महिनाभर फोटोत बघत होते. वाचता येत नव्हती म्हणूनच चित्रासारखी पाठ झाली होती.

खाली टिफिन रूममध्ये अण्णा इडली सांबारात बुडवून हिरड्यांनी मऊ करत होते. मी मोबाईलवरचा फोटो त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी चष्मा सारखा करून पाहिला.

“अक्षर चांगलं आहे ना माझं?”

“अण्णा, तुम्ही स्वतःविरुद्ध तक्रार केली?”

“ओरडू नको. सुम्ने, गपचूप खा.”

“मी महिनाभर तुमच्यासाठी भांडतेय!”

“मी सांगितलं होतं भांड म्हणून?” रागावून नव्हे, खरंच विचारत होते. “ऐक. घरी दम नाही म्हटलं तर पोरगा दवाखाने फिरवेल. शिष्यांना कळलं तर चौघं येतील, समोर बसतील, कसं वाटतंय विचारतील. एक तर रडेल. असोसिएशनने बंद केलं म्हटलं की सगळे चिडतील. चिडलेले बरे. कीव नको मला.”

“मग आज वाजवत नाही म्हणा.”

“तू छापलंस. का नाही ते विचारतील. आणि वर ती मामी आहे. पहिल्या फुंकीला तिला कळेल.” त्यांनी वाटी उचलून सांबार प्यायलं. “अक्का, आज स्वल्प हरून ये.”

मला हरता येत नाही. ही फुशारकी नव्हे, खोडच आहे. परतताना मेट्रोत मी मनातल्या मनात प्रस्तावाच्या बाजूने बोलून पाहिलं. दुसऱ्या वाक्यालाच चीड आली.

संध्याकाळी हॉल भरला. सेक्रेटरी उभा राहिला. त्याचा द्वेष करायची माझी तयारी होती, पण त्याने तेवढीही संधी दिली नाही. तीन चिठ्ठ्या आल्या म्हणून नियमाप्रमाणे बैठक लावावी लागली, म्हणाला. “क्लॅरिनेटबद्दल कोणाची हरकत आहे? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. कोणाचीच हरकत नव्हती! मी ज्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं ते सगळे हात मांडीवर ठेवून हसत होते. मागून कोणीतरी म्हणालं, तोच तर आमचा गजर आहे.

“मग विषय संपला,” सेक्रेटरी म्हणाला. “अण्णा, आता वाजवाच.”

टाळ्या पडल्या. अण्णांनी पेटी उघडली. एक तुकडा दुसऱ्यात बसवला. मग तिसरा. रीड तोंडात ओली करून बांधली. हे सगळं ते सवयीने करत होते. फक्त कोणाकडेच बघत नव्हते.

मी उभी राहिले. “वाजवणार नाहीत!”

सेक्रेटरी खुर्चीत बसता बसता पुन्हा उभा राहिला.

“तक्रार करताना नाव नाही, आणि आता टाळ्या? हे काय लग्नात आलेत, म्हटलं की वाजवायला? साठ वर्षं वाजवणाऱ्या माणसाची तुम्ही परीक्षा घेता? ज्याने चिठ्ठ्या लिहिल्या त्याने समोर येऊन माफी मागावी. तोपर्यंत ह्या बिल्डिंगमध्ये क्लॅरिनेट वाजणार नाही. हा आमचा बहिष्कार आहे.”

मला वाटलं, जमलं. लिहिणारा कधीच समोर येणार नाही, म्हणजे माफी नाही, म्हणजे वाजवणं नाही. पण सगळ्यांची डोकी हळूहळू एकाच दिशेला वळली. मामीकडे. महिनाभर मीच मजल्यामजल्यावर सांगत फिरले होते ना, कान कोणाला आहे ते. मला ओरडून सांगायचं होतं की ती नव्हे. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कोण?

मामीने पदर सारखा केला. अण्णांकडे बघितलं. त्यांच्या हातातल्या क्लॅरिनेटकडे, मग त्यांच्या तोंडाकडे.

“मी लिहिल्या,” ती इंग्रजीत म्हणाली. “आणि माफी मागणार नाही.”

केवढा गलका झाला. सेक्रेटरी ‘प्लीज, प्लीज’ करत राहिला. अण्णांनी रीड सोडवून पुसली आणि क्लॅरिनेट तुकड्या-तुकड्याने पेटीत ठेवली. लोक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मामीला शिव्या देत होते. कीव कोणाच्याच तोंडावर नव्हती.

मामीला मी जिन्यात गाठलं. “तुम्ही असं का केलं?”

“निषादसुद्धा उतरत होता,” ती म्हणाली. “तो लिहायला अण्णा विसरले.” आणि माझ्या नमस्काराची वाट न बघता वर गेली.

अण्णा त्यांच्या दाराशी थांबले होते. माझ्या काखेत उरलेली पत्रकं होती. त्यांनी मराठीतलं एक ओढून काढलं. “मला मराठी वाचता येत नाही. आम्ही कन्नड शाळेतले. वाच बघू, काय लिहिलंस माझ्याबद्दल.”

मी तिथंच उभी राहून वाचलं. पहाटेच्या सुराला कुलूप, न थकणारा श्वास, कधीही न ढळणारा षड्ज. आवाज मुद्दामच चढा ठेवला होता, शेजारच्या दारांना ऐकू जावं म्हणून.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. बोटं पेटीवर ताल धरून.

“सगळं खोटं,” ते म्हणाले. “पुन्हा वाच.”