भूगोलाचं प्रॅक्टिकल

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष मी नाक दाबून पास झाले. बारामतीच्या कॉलेजात केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल करून निघालं, की ओढणीला सडक्या अंड्याचा वास यायचा आणि काटेवाडीच्या एसटीत शेजारची बाई सरकून बसायची. टेस्ट ट्यूब नुसती दिसली तरी मला जांभई यायची, आता बोला!

भूगोलाची पोरं मात्र मैदानात साखळी ताणत, तिपाईवर फळी मांडून नकाशे काढत, खिदळत असायची. मला तिकडं जायचं होतं. पण भूगोल म्हणजे बी.ए., आणि आमच्या घरात सगळं ठरवायचे तात्या, माझे थोरले चुलते. त्यांचं म्हणणं, "आर्ट्सला रोज कशाला जायला पायजे? बाहेरून फॉर्म भरायचा, घरी वाचायचं." माझ्या चुलतबहिणीनं तसा फॉर्म भरला आणि परीक्षेआधीच तिला हळद लागली. म्हणजे विषय बदलला, की कॉलेज गेलं, मैत्रिणी गेल्या, आणि दारात पाहुणे हजर! त्यापेक्षा सडकी अंडी बरी, असं मी मनाला समजावत होते. मन काही ऐकत नव्हतं.

शेवटी चहाच्या वेळी बोललेच. "तात्या, भूगोलाला बी प्रॅक्टिकल असतं. रोज जावं लागतं."

"भूगोलाला कसलं गं प्रॅक्टिकल? पृथ्वी उकळत्यात व्हय?"

"तुमीच या की बघायला!"

आणि ते खरंच आले. फटफटी लावून मैदानाकडं बघत राहिले. साखळी दिसली मात्र, चेहरा खुलला. "अगं, ही तर मोजणी हाय!"

शेजाऱ्यानं बांध आमच्या रानात सरकवलाय, यावरून तात्यांचं त्याच्याशी कित्येक वर्षं वाजत होतं आणि सरकारी मोजणी काही येत नव्हती. आता घरातच मोजणीदार तयार होणार म्हटल्यावर त्यांनी लगेच परवानगी दिली. भूगोलात आणखीही बरंच काही असतं, पण मी कशाला त्यांच्या आनंदावर विरजण घालू?

भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला ऊस तुटून रान मोकळं झालं. सरांकडून साखळी मागून आणली, तलाठ्याकडचा नकाशा आणला. तात्यांनी शेजाऱ्यालाही मुद्दाम बोलावलं. मी मोजलं. परत मोजलं. बांध सरकला होता खरा, पण शेजाऱ्याच्या रानात आम्हीच घुसलो होतो.

मी खरं तेच सांगितलं. शेजारी मिशीत हसला. तात्या लालबुंद झाले.

"पोरगी अजून कच्ची हाय," एवढंच बोलून ते घराकडं निघाले. झालं, माझं कॉलेज बंद, असं धरूनच मी साखळी गुंडाळली.

थोड्याच दिवसांत इंदापूरकडचं स्थळ आलं. पाहुणे सोप्यात चहा पीत होते, मी आत रडकुंडीला आले होते. तेवढ्यात तात्यांचा आवाज आला.

"एवढ्यात न्हाय हो. पुरं शिकू द्या तिला. अर्धवट शिकलं की काय व्हतं, ते मी बघितलंय."