कुलपासमोरचा तास

तुमच्या गावची शेवटची ग्रामसभा कधी झाली, सांगता येईल? सही केली होती का, असं मी विचारत नाही. सभेत बसला होता का, ते विचारतोय.

प्रियदर्शनी मॅडमनी नववीच्या पोरांना हेच विचारलं आणि गावात आग लागली. कडेगावकडच्या आमच्या हायस्कुलात त्या इतिहास-नागरिकशास्त्र शिकवतात. तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे तास असला तर पगार, नसला तर घर. बाई माण तालुक्यातल्या, मेंढपाळाच्या घरातल्या. बाप मेंढरं घेऊन मुलूखभर चालला, ह्या वर्गात चालतात. खुर्चीवर बसलेली कुणी पाहिली नाही. सनावळ्या घोकून घ्यायचा त्यांना कंटाळा. "हे आपल्या गावात कुठं दिसतं?" हा एकच प्रश्न, तोही चालता चालता.

त्या दिवशी ग्रामसभेचा धडा होता, आणि अकरा वाजता सभेची नोटीसही लागलेली. बाई पोरांना घेऊन थेट ग्रामपंचायतीवर. दाराला कुलूप!

मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. तेवढ्यात शिपाई गुंडा सायकलवरून आला, काखेत सह्यांची वही.

"आवं गुंडाकाका, सभा कुठं हाय?" नववीतल्या राणीनं विचारलं.

"झाली की."

"कवा?"

"ही काय, घरोघरी चाललीया. तुझ्या आजीनं बी अंगठा दिलाय."

पोरं खिदळली. बाई हसल्या नाहीत. "बसा रं खाली. सभा झाल्याबिगर आपला तास संपत न्हाई."

पोरं कुलपासमोर मांडी घालून बसली. उभ्या फक्त बाई. इकडून तिकडं, तिकडून इकडं. बातमी घरोघरी गेली आणि राणीची आजी धोंडुबाई तणतणत आली.

"गुंड्या, माझा अंगठा परत दे!"

"आजी, दिलेला अंगठा परत कसा द्यायचा?"

"मग सभा दे!"

सरपंच वीरधवल घामाघूम होऊन आला. शुक्रवारी खरीखुरी सभा घेतो, असं सगळ्यांपुढं कबूल करून गेला. पण हायस्कूलच्या संस्थेचा अध्यक्ष त्याचा सख्खा चुलता. जाताना त्यानं बाईंकडं जे बघितलं ते मला कळलं. तसल्या नजरा मी लय झेलल्यात.

दुसऱ्याच दिवशी हेडमास्तर जयराज सरांनी बाईंना बोलावलं. "मॅडम, धडा पुस्तकात हाय, तिथंच ठेवायचा. सोमवारपासनं तुमचे तास गणिताच्या सरांना. बोर्ड जवळ आलंय."

"नववीला कुठलं बोर्ड, सर?"

सरांनी नवं वेळापत्रक पुढं सरकवलं.

गेटवर मी बाईंना गाठलं, तेव्हा त्यांनीच हे सांगितलं. बाईंनी स्कूटी चालू केली, बंद केली, परत चालू केली.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"मी इथली मतदार न्हाई. मला सभेत बोलता येत न्हाई. तुमी हाय की."

सुई टोचावी तसं झालं. बाईंचे तास परत द्या, हा विषय शुक्रवारी मी मांडणार म्हणजे मांडणार. पण एकट्याला भांडखोर म्हणून खाली बसवतील, दरवेळी बसवतातच. म्हणून सांगतो, परगावचे असाल तर दारात वही आल्यावर आधी सभा कुठं आहे ते विचारा. आणि आमच्या गावचे असाल, तर शुक्रवारी अकराला या, आणि मी बाईंचे तास मागीन तेव्हा माझ्याबरोबर हात वर करा.