गुरुवारच्या भगिनी

आमच्या शेजारच्या डॉक्टरांच्या थोरल्या लेकीएवढी समाजसेवा आणखी दोघींनी केली असती, तर इंग्लंडमधलं आमचं निम्मं कॉव्हेंट्री गाव सोडून गेलं असतं. ही गोष्ट दोन हजार चार-पाच सालची. मुलगी युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि सुट्टीत शिकागोच्या चुलतबहिणीकडे राहून आली होती. तिथे म्हणे मुलींचे भगिनीसंघ असतात, त्यांना ग्रीक अक्षरांची नावं असतात, नव्या मुलीला शपथ देतात आणि सगळ्या मिळून समाजसेवा करतात. लोक अमेरिकेहून चॉकलेटं आणतात, हिने अख्खा संघ आणला. ग्रीक अक्षरं आपली नव्हेत म्हणून नाव ठेवलं ‘क्ष त्र ज्ञ’. संघात तीन गुजराती, दोन पंजाबी, एक तमिळ आणि ही एकटी मराठी. सगळ्या इथेच जन्मलेल्या, त्यामुळे आपल्याच संघाचं नाव वाचता येईल अशी त्यांच्यात एकही नव्हती, हीसुद्धा नाही. शिवाय नियम असा, की जी संघात आधी आली ती ताई, मग वय काहीही असो. पीएचडी करणारी ती सत्तावीस वर्षांची तमिळ मुलगी एकोणीस वर्षांच्या हिला ताई म्हणायची, आणि ही तिला वेळेवर जेवतेस ना म्हणून दटावायची.

सेवा कोणाला हवी आहे का, हे विचारायची पद्धत संघात नव्हती. एका रविवारी सकाळी सातला या भगिनींनी न सांगता माझी बाग साफ केली आणि त्यात तण समजून माझी मेथी मुळासकट उपटली. इथल्या उन्हात मेथी उगवणं म्हणजे काय असतं ते ज्याने उगवून आणली त्यालाच कळेल. मी फणकाऱ्याने शेजारी जाब विचारायला गेले, तर बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या, “काकू, सेवा केल्यावर थँक्यू एक्सपेक्ट करायचा नसतो.” जणू मी आभार मानायलाच गेले होते.

मग संघाचे मरून रंगाचे स्वेटशर्ट आले. छापणाऱ्या गोऱ्याने अक्षरं उलटी छापली, डोकं खाली आणि पाय वर, आणि या सगळ्याजणी दोन महिने तशाच मिरवत होत्या. ते पहिल्यांदा वाचलं माझ्या सासूबाईंनी, देवळाच्या हॉलमध्ये, मान वाकडी करून. सासूबाईंनी पुण्यात तीस वर्षं बालवाडी चालवलेली. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे कागदी प्लेटवर ती तीन अक्षरं काढून दाखवली आणि मुलींकडून गिरवून घेतली. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं.

कौतुक महिनाभर टिकलं. त्या तमिळ मुलीने एकदा शेजारचं घर समजून आमच्या दारातून एक कागद आत सरकवला. वर लिहिलं होतं, ‘एकाकी ज्येष्ठांना भेटी’, आणि त्यात तिसरं नाव माझ्या सासूबाईंचं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चपला न बदलता शेजारी गेले आणि डॉक्टरांच्या लेकीला दारातच धरलं. मुलगा डॉक्टर, सून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, घरात दिवसभर हीटिंग, टीव्हीवर मराठी चॅनेल, खिडकीशी मऊ खुर्ची. या बाईला एकाकी म्हणायची तुझी हिंमत कशी झाली, उद्या देवळात लोक काय म्हणतील, असं मी बरंच काही बोलले. एरवी प्रत्येक शब्दाला उत्तर देणारी ती पोर त्या दिवशी वाद घालेना. वर गेली आणि एक फॉर्म घेऊन आली.

“मी प्रॉमिस केला होता तुम्हाला नाही दाखवायचा,” ती म्हणाली. “आजींनी स्वतः मागून घेतला.”

‘कशाची गरज आहे?’ या प्रश्नापुढे बालवाडीच्या बाईंचं टपोरं अक्षर होतं. ‘कोणीतरी येऊन बसावं. मी बाराखडी शिकवीन. गुरुवारी दुपारी चालेल. सुनेला कळवू नये, दमून येते बिचारी, तिला वाईट वाटेल.’

मला त्या पोरीचा राग आला, अजूनही येतो. मेथीसाठी नव्हे. सकाळी आठला दार ओढून घेताना जे मला दोन वर्षं दिसलं नाही, ते हिला एका कागदी प्लेटवर दिसलं म्हणून. रागापेक्षा लाज जास्त होती, ते कबूल करते.

मी शिफ्ट बदलून घेतली आणि गुरुवारी घरी थांबणार असल्याचं सासूबाईंना सांगितलं. त्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “शुक्रवारी थांब ना. गुरुवारी मुली येतात गं, तू असलीस की बुजतील.”

गुरुवारची सुट्टी तर मिळाली होती. मी चहा घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि दार लोटून घेतलं. पलीकडे सात पोरी मोठ्याने बाराखडी म्हणत होत्या, चुकत होत्या, आणि त्यांच्या वर आवाज चढवून कोणीतरी खळखळून हसत होतं. तो आवाज सासूबाईंचा आहे हे कळायला मला जरा वेळच लागला.